हलणाऱ्या दातांची शिरगणती

मागच्या व्याख्यानात आपण प्लेगविषयी बोललो. त्या रोगाला कागदपत्रांची ददात नव्हती. १८९६ सालची मुंबई, १८९७ चे पुणे, घरझडत्या, रँडसाहेबाचा खून. इतिहासाने प्लेगची नोंद ठळक अक्षरांत ठेवली आहे. आजचा रोग याच्या अगदी उलट. तो कुणाला आठवड्याभरात मारत नाही. त्याच्यासाठी गाव सोडून माळावर झोपड्या बांधाव्या लागत नाहीत. आणि तरी आज तो प्लेगपेक्षा कितीतरी जास्त माणसांच्या तोंडात बिऱ्हाड करून आहे. हिरड्यांचा रोग, आणि त्याच्या पाठोपाठ दातांच्या मुळांभोवतीचे हाड झिजणे, हा आजचा विषय.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने दातांवर बोलावे हे संयोजकांनाही जरा चमत्कारिक वाटले होते. पण आमचा प्रश्न दंतवैद्याचा नाही. आमचा प्रश्न असा, की ‘हा रोग प्रौढांपैकी किती जणांना असतो?’ या साध्या विचारणेला गेल्या शंभर वर्षांत पाचांतले चार, चारांतले तीन, जवळजवळ सगळे, निम्मे आणि दहांतला एक अशी नाना उत्तरे मिळाली, ती का? माणसांचे दात बदलले, की मोजणाऱ्यांची नजर?

आमच्या आईपासून सुरुवात करतो. १९७० च्या आसपासची गोष्ट. पन्नाशी ओलांडता ओलांडता तिचे दात एकामागून एक हलायला लागले. किडले म्हणाल तर नाही. कित्येक दात चांगले धडधाकट, कीड न लागलेले, जेवताना हातात आले. उरलेले दंतवैद्याने काढले आणि कवळी दिली. हा रोग आहे असे घरात कुणाच्या मनातसुद्धा आले नाही. आजी म्हणाली, “वय झालं की दात जायचेच.” केस पिकतात, नजर अधू होते, दात जातात, एकाच माळेतले मणी. किडलेला दात ठणकतो, म्हणून तो आजार. हलणारा दात ठणकत नाही, म्हणून ते वय. आता हे तर्कशास्त्र आमच्या आजीपुरते असते तर सोडून दिले असते. पण ते पुढे मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या लेखांतही भेटले, तेव्हा आम्ही जरा सावरून बसलो.

आधी मुळात घडते काय ते बघू. दात म्हणजे काही हाडात ठोकलेला खिळा नव्हे. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचे जाळे असते आणि वरून हिरडीची पकड असते. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट थर बसतो. तो तसाच राहिला की हिरडी सुजते, घासताना रक्त येते. इथपर्यंतची वाट परतीची आहे. थर काढला की हिरडी पूर्ववत होते. पण काहींच्या बाबतीत सूज खाली उतरते, तंतू सुटतात, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो आणि हाडाची वरची कड खाली खाली सरकते. हे हाड जंतू खात नाहीत बरं का. जंतूंशी चाललेल्या झटापटीत आपल्याच शरीरातल्या हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. गेलेले हाड सहसा आपणहून परत येत नाही. आणि हे सगळे बहुधा न दुखता होते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येते, म्हणजे जी एक सूचना मिळायची तीही मिळत नाही.

प्राचीनांनी वय आणि रोग यांची गल्लत केली नव्हती, हे नमूद करायला हवे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले आहेत आणि त्यांतले १५ दंतमूलातले, म्हणजे हिरड्यांचे. शीताद, दंतवेष्ट, उपकुश अशी त्यांची नावे. दंतवेष्टात पू आणि रक्त येते व दात हलतात. वर्णन असे की आजचा विद्यार्थीही ओळखेल. पण किती जणांना, हे सुश्रुत विचारत नाही. वैद्यापुढे रोगी असतो, लोकसंख्या नसते. ‘किती जणांना’ हा प्रश्न पडायला शिरगणती करणारे सरकार लागते, नाही तर माल खपवणारा व्यापारी. दातांच्या बाबतीत व्यापारी आधी पोचला.

ती हकीकत अमेरिकेतली. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज नावाचे दंतवैद्य होते. ११ डिसेंबर १८४४ रोजी त्यांनी होरेस वेल्स या आपल्या व्यवसायबंधूचा दात नायट्रस ऑक्साइड वायूच्या गुंगीत काढला. भूलशास्त्राच्या इतिहासात तो प्रसंग येतोच. पण रिग्ज यांचे नाव टिकले ते वेगळ्याच कारणाने. हिरड्यांत पू होऊन दात हलण्याच्या दुखण्याला तिकडे कित्येक वर्षे ‘रिग्जचा रोग’ म्हणत. दाताच्या मुळाशी साचलेली घाण खरवडून काढा, दात वाचतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ‘पायोरिया’ हा शब्द चालू झाला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नुसता पू वाहणे. आपल्याकडेही दंतमंजनाच्या डब्यांवरून हा शब्द घरोघर गेला. आमचे आजोबा इंग्रजीचे एक अक्षर न जाणता ‘पायरिया’ म्हणत.

१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान देऊन अनेक रोगांचे मूळ घाणेरड्या तोंडात आहे असे बजावले. त्या लाटेत पुढची वीसेक वर्षे संधिवातापासून मनोविकारांपर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज त्यात शिरत नाही.

तर व्यापारी. १९२० च्या दशकात अमेरिकन मासिकांतून फोरहॅन्स नावाच्या टूथपेस्टची जाहिरात झळके. तिचे ब्रीद एकच: पाचांतल्या चौघांना पायोरिया होतो. आज समोर बसलेल्यांपैकी ज्यांचे केस आमच्यासारखे पांढरे आहेत त्यांना फोरहॅन्स आठवत असेल. ‘दंतवैद्याने तयार केलेली’ म्हणून ती आपल्याकडेही खपत असे. पाचांतले चार! माणूस लगेच आपल्या घरातली डोकी मोजतो आणि पाचवा भाग्यवान कोण याचा विचार करतो. आकड्याचे सामर्थ्य हेच आहे, तो खरा आहे की नाही हा विचार नंतर येतो.

शास्त्रीय मोजणी आली ती बरीच नंतर, आणि तिच्या आरंभीच्या प्रकरणांत आपला देश ठळकपणे आहे. फाळणीपूर्वी लाहोरच्या दंतमहाविद्यालयात सी. डी. मार्शल-डे काम करत होते. त्यांनी आणि के. एल. शौरी यांनी १९४९ मध्ये हिंदुस्थानातल्या लोकांच्या दातांभोवतीच्या हाडाची एक्स-रे पाहणी प्रसिद्ध केली. मार्शल-डे पुढे अमेरिकेत गेले आणि तिथेही त्यांनी अशीच पाहणी केली. दोन्हीकडे चित्र सारखे दिसले. वय वाढेल तसे झिजलेल्या हाडाचे प्रमाण वाढत जाते आणि उतारवयाकडे जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडात ते थोडेफार सापडतेच.

मग सिगुर्ड रामफ्यूर. जन्माने नॉर्वेजियन, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी मुंबईतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्या तपासल्या आणि १९६१ मध्ये तो अहवाल छापला. हजारो तोंडे तपासायची तर प्रत्येक दात कसा मोजणार? म्हणून त्यांनी सहा दात निवडले. वरची उजवी पहिली मोठी दाढ, वरचा डावा पुढचा दात, वरची डावी पहिली उपदाढ, खालची डावी पहिली मोठी दाढ, खालचा उजवा पुढचा दात आणि खालची उजवी पहिली उपदाढ. शितावरून भाताची परीक्षा. जगभरच्या दंतमहाविद्यालयांत हे सहा दात आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. त्याच सुमारास जॉन ग्रीन या अमेरिकन संशोधकाने भारतातल्या मुलांची तुलना अटलांटाच्या मुलांशी केली. आपली मुले मागे होती, हे खरे. पण दातांची स्वच्छता सारखी असलेली मुले शेजारी शेजारी ठेवली तेव्हा फरक जवळपास नाहीसा झाला. हिंदी माणसाच्या हिरड्याच कमकुवत, हवामानच वाईट, असल्या समजुतींना त्याने परस्पर उत्तर मिळाले.

अमेरिकेत ए. एल. रसेल यांनी १९५६ मध्ये एक गुणपद्धती दिली होती. आरसा आणि उजेड घेऊन हिरडीकडे पाहायचे आणि प्रत्येक दाताला गुण द्यायचे. निरोगी असेल तर शून्य, सूज असेल तर एक किंवा दोन, कप्पा दिसला तर एकदम सहा, दात खिळखिळा झाला असेल तर आठ. शाळेत तोंडी परीक्षेला गुरुजी गुण देत तसेच. ही पद्धत वापरून १९६० ते १९६२ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीने प्रौढांचे दात तपासले. उत्तर आले: चारांतल्या सुमारे तिघांना हिरड्यांचा रोग आहे. म्हणजे फोरहॅन्सवाल्यांच्या आकड्याच्या अगदी जवळ! पण बारकाईने पाहा. त्या तिघांतल्या दोघांची हिरडी फक्त सुजलेली होती. कप्पा पडून आधार सुटू लागलेला माणूस चारांत एकच. ‘रोग’ या एकाच शब्दाच्या पोटात दोन निराळ्या अवस्था बसवल्या होत्या. एक परतीची, एक बिनपरतीची.

इथे आमचे जुने शास्त्र मदतीला येते. नैयायिक म्हणतात, लक्षण निर्दोष हवे. गाईची व्याख्या ‘शिंगे असलेली’ अशी केलीत तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘कपिला रंगाची’ अशी केलीत तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. हिरड्यांच्या रोगाचा शंभर वर्षांचा आकडेइतिहास म्हणजे या दोन दोषांमधले हेलकावे आहेत. आणि अडचण अशी की गाय आणि म्हैस यांच्यात निसर्गाने रेषा ओढलेली आहे, पण एक मिलिमीटर हाड जाणे आणि तीन मिलिमीटर हाड जाणे यांच्यामध्ये रेषा आपणच ओढायची असते. ती कुठे ओढली हे न सांगता कुणी टक्केवारी सांगू लागला तर त्याला आधी ती रेषा विचारावी.

त्या काळचे शास्त्र मात्र निःशंक होते. १९६४ मध्ये हेन्री शर्प यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. हिरडीची सूज तरुणपणी सुरू होते, उपचार न केल्यास ती हाडापर्यंत पोचते, पस्तिशी-चाळिशीनंतर बहुसंख्य लोक तिच्या तावडीत असतात. आणि माणसामाणसांतला नव्वद टक्क्यांहून अधिक फरक वय आणि तोंडाची अस्वच्छता या दोनच गोष्टींनी समजावता येतो. पाठोपाठ १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणेच बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागले, सूज गेली. कार्यकारणाचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात फार वेळा मिळत नाही.

पण यातून निघालेला पुढचा निष्कर्ष पाहा. घाण असली की सूज. हे सिद्ध झाले. सूज राहिली की हाड जाणार. हे गृहीत धरले गेले. आणि मग सगळ्यांचेच हाड जाणार, वय झाले की दात जायचेच. आमची आजी आणि आंतरराष्ट्रीय शास्त्र एकाच ओट्यावर येऊन बसले. फरक इतकाच की शास्त्राने ‘घासले नाही तर’ एवढी अट घातली होती.

ती अट तपासून पाहायची तर अशी माणसे हवीत, जी आयुष्यभर दात घासत नाहीत आणि ज्यांच्यापर्यंत दंतवैद्य पोचलेला नाही. ती लोए यांना श्रीलंकेत सापडली. चहाच्या मळ्यांतले तमिळ मजूर, सगळे पुरुष, संख्या ४८०. त्यांचे पूर्वज ब्रिटिश अमलात दक्षिण भारतातून मळ्यांवर नेलेले. १९७० मध्ये पहिली तपासणी झाली तेव्हा ते चौदा-पंधरापासून तिशीपर्यंतचे होते. ब्रश माहीत नाही, दातांवर कीटणाचे आणि डागांचे थर, पण कीड मात्र जवळजवळ नाही. तुलनेसाठी ऑस्लोचे ५६५ पुरुष, विद्यार्थी आणि विद्यापीठातली मंडळी, ज्यांना लहानपणापासून नियमित दंतसेवा मिळालेली. चाळिशीकडे येताना ऑस्लोच्या माणसाचा दातांचा आधार सरासरी दीड मिलिमीटरच्या थोडा वर सुटलेला होता. मजुराचा साडेचार मिलिमीटर. इथवर अपेक्षेप्रमाणेच.

खरा धक्का १९८६ मध्ये बसला. पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा मोजून झाल्यावर लोए यांनी मजुरांची सरासरी फोडून पाहिली. सरासरी हा फार फसवा प्राणी आहे, हे आम्ही वर्गात तोंड दुखेपर्यंत सांगत असू. सगळ्यांच्या दातांवर सारखेच थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. आणि तरी माणसांचे तीन गट पडले. ८ टक्के लोकांचा आधार झपाट्याने जात होता. पस्तिशीत सरासरी नऊ मिलिमीटर, पंचेचाळिशीत तेरा. ८१ टक्के मधले. पस्तिशीत चार, पंचेचाळिशीत सात. आणि ११ टक्के असे, की पस्तिशीला त्यांचा एक मिलिमीटरही गेलेला नव्हता. कधी ब्रश हातात धरला नाही, दंतवैद्य पाहिला नाही, हिरड्या सुजलेल्या, आणि हाड जागच्या जागी!

म्हणजे सूज आणि हाडाची झीज यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा उभा आहे. प्रत्येकाच्या शरीराची प्रतिक्रिया, अनुवंश, तंबाखू, मधुमेह. लोए यांनीच पुढे, १९९३ मध्ये, हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. ‘दात जायचेच’ या वाक्यातला ‘च’ त्या अकरा टक्क्यांनी काढून टाकला. पण दुसरी बाजूही विसरू नका. न घासता सुरक्षित राहिले ते शंभरांत अकरा. उरलेल्या एकोणनव्वदांचे कमीजास्त गेलेच. आपण त्या अकरांत आहोत असे समजून ब्रश फेकून देणारा माणूस आम्हाला भेटलेला आहे. तो इथे आलेला नसावा अशी आशा आहे.

आणखी एक गोष्ट मनात टोचते, ती सांगून टाकतो. रोगाचा स्वाभाविक क्रम पाहायचा म्हणजे उपचार न मिळालेली माणसे पाहायची. ऑस्लोच्या मुलाला शाळेपासून दंतवैद्य होता. मळ्यावरच्या मुलाला नव्हता, आणि नव्हता म्हणूनच तो शास्त्राच्या कामी आला. आज जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते ८, ८१ आणि ११ आहेत. त्या आकड्यांना तोंडे होती, आणि त्या तोंडांतले दात पडत होते. आम्ही निवाडा करत नाही. त्या काळचे संकेत वेगळे होते. पण दर वेळी हा तक्ता पाहताना आम्हाला मजुरांची मान मागे टेकलेली दिसते.

आता निम्म्याच्या आकड्याकडे येऊ. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणी नावाचा उपक्रम वर्षानुवर्षे चालतो. आधीच्या फेऱ्यांत वेळ वाचवण्यासाठी तोंडाचे चारांतले दोनच भाग तपासत, एक वरचा आणि एक खालचा, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून. २००९-१० च्या फेरीत प्रथमच अक्कलदाढा सोडून सगळे दात, आणि प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजल्या. अठ्ठावीस दात असतील तर १६८ जागा. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: तिशी आणि पुढच्या प्रौढांपैकी ४७.२ टक्के, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी माणसांना आधार सुटण्याचा रोग आहे. पासष्टीपुढे ७०.१ टक्के. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, निम्मी अमेरिका रोगी! पण त्या ४७.२ मध्ये सौम्य ८.७, मध्यम ३०.० आणि तीव्र ८.५ होते. दात गमावण्याचा खरा धोका मुख्यत्वे त्या शेवटच्या गटाला. तो ८.५ चा आकडा श्रीलंकेतल्या आठाच्या शेजारी ठेवावासा वाटतो. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत म्हणून आम्ही हात आवरतो. गरिबी कुठे दिसते तेही याच पाहणीत आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांत प्रमाण ६५.४ टक्के.

रोग वाढला होता का? तसे नव्हे. आधीच्या पाहण्या अर्धे तोंड पाहत होत्या, म्हणून अर्धा रोग त्यांच्या हातून निसटत होता. हे आम्हाला अनुभवाने पटले, ते कसे ते सांगतो.

बावन्नाव्या वर्षी हिरडीतून रक्त येते म्हणून आम्ही एका दंतवैद्याकडे गेलो होतो. “सर, वयाप्रमाणे आहे,” असे म्हणून त्यांनी एक मलम लिहून दिले. आजीचेच वाक्य, फी देऊन ऐकले. अडुसष्टाव्या वर्षी दुसरीकडे गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला. उजव्या बाजूच्या मागच्या दाढांभोवतीचे हाड निम्म्यावर आलेले. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेऊन त्या एकेक जागा मोजू लागल्या आणि मदतनीस मुलगी लिहू लागली. “तीन, दोन, तीन. तीन, दोन, सहा. सात.” परीक्षेत आपलेच गुण मोठ्याने वाचले जात असताना उताणे पडून राहायचे, अशी ती अवस्था.

तो तक्ता आम्ही मागून घेतला आणि घरी येऊन सगळ्या व्याख्या त्यावर लावून पाहिल्या. २०१२ च्या कसोटीने आमची गणना तीव्र रोग्यांत. रामफ्यूर यांच्या सहा दातांनी पाहिले तर जवळजवळ निरोगी, कारण उजव्या बाजूची जी वरची दाढ चुगली करायची, ती आधीच काढून टाकलेली! अर्ध्या तोंडाच्या पाहणीत चिठ्ठी डाव्या बाजूची निघती तर आम्ही ठणठणीत, उजवीची निघती तर रोगी. तोंड तेच, माणूस तोच.

काढलेल्या दाढेचा उल्लेख झाला, तर या मोजणीतला सर्वांत मोठा चोर इथेच पकडू. भारतात दंत परिषदेने २००२-०३ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली. हिरड्यांच्या विकाराचे प्रमाण बाराव्या वर्षी ५७ टक्के, पंधराव्या वर्षी ६७.७, पस्तीस ते चव्वेचाळीस या वयात ८९.६, आणि पासष्ट ते चौऱ्याहत्तरमध्ये ७९.९. त्यात नुसते रक्त येणे आणि कीटण असणे हेही धरले आहे, म्हणून नव्वद टक्के भारतीयांचे हाड झिजले असा अर्थ काढू नये. पण शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहा. म्हातारपणी प्रमाण दहा टक्क्यांनी उतरले! सत्तरीत हिरड्या सुधारतात की काय? अहो, ज्या दाताभोवती रोग होता तो दातच पडला. दात गेला की कप्पा गेला, कप्पा गेला की नोंद गेली. ज्याचे सगळेच दात गेले तो अशा मोजणीत रोगी म्हणून येतच नाही, कारण सळई घालायला जागाच नसते. आमची आई या हिशेबात कुठल्याच टक्केवारीत बसत नाही. सर्वांत जास्त ज्यांनी गमावले ते निरोग्यांतही नाहीत आणि रोग्यांतही नाहीत.

जागतिक आकड्यांचेही तसेच. २०१० च्या परिस्थितीवरून काढलेल्या अंदाजात जगातल्या सुमारे ११ टक्के लोकांना तीव्र रोग होता, म्हणजे ७४ कोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात पंधरा वर्षांवरच्यांत १९ टक्के, शंभर कोटींहून अधिक. बारा वर्षांत जगाच्या हिरड्या इतक्या बिघडल्या असे समजायचे कारण नाही. लोकसंख्या वाढली, माणसे जास्त जगतात, दात जास्त टिकतात, आणि हिशेबाची रीतही बदलली. २०१७ मध्ये शिकागोत भरलेल्या परिषदेने तर व्याख्याच नव्याने मांडली. रोगाच्या चार पायऱ्या आणि वेगाच्या तीन श्रेण्या. आणि पायरी ठरवताना या रोगाने गेलेले दातही धरायचे. म्हणजे पडलेल्या दाताला अखेर नोंदवहीत जागा मिळाली. आमच्या मते त्या परिषदेचे ते सर्वांत शहाणपणाचे काम.

जाता जाता एक जुनी कवटी, किंवा खरे तर ३०३ कवट्या. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात पाउंडबरी इथे इसवी सन २०० ते ४०० च्या काळातली दफनभूमी सापडली. तिथल्या कवट्या लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहेत. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र झीज फक्त सुमारे ५ टक्क्यांत. आजच्या ब्रिटनमध्ये हेच प्रमाण १५ ते ३० टक्के धरतात. ब्रश नाही, दंतवैद्य नाही, दातांची कीड भरपूर, गळवे भरपूर, आणि हाड मात्र आजच्यापेक्षा बरे. संशोधकांचा रोख तंबाखूकडे आणि मधुमेहाकडे आहे. रोमन ब्रिटनमध्ये तंबाखू नव्हती. ती अमेरिकेतून यायला अजून हजार वर्षांहून जास्त अवकाश होता. माणसे आजच्याइतकी जगत नव्हती हेही लक्षात घ्यायला हवे. पण वय हेच कारण म्हणणाऱ्यांनी या कवट्यांपुढे थोडे थांबावे. आणि आपल्याकडे तंबाखू भाजून तिची मशेरी दातांनाच लावली जाते, तीही दात स्वच्छ व्हावेत म्हणून. आमच्या आईच्या डबीत काय होते ते आम्हाला पक्के ठाऊक आहे. त्यावर आजी काही बोलत नसे, कारण डबी दोघींत एकच होती.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे, श्रीलंकेच्या मजुरांचे पुढे काय झाले? चांगला प्रश्न. १९८५ च्या फेरीला ४८० पैकी १६१ जण तपासणीला मिळाले होते. २०१० मध्ये संशोधक पुन्हा मळ्यांवर गेले आणि त्यांना मूळ यादीतले ७५ जण भेटले. काहींच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांचा आधार लवकर सुटू लागला होता, त्यांचे दात पुढे जास्त गेले होते. या खेपेला न उरलेले दातही मोजले गेले.

दुसरी चिठ्ठी कडुलिंबाच्या काडीबद्दल आहे. तिला उत्तर द्यायला आम्ही अधिकारी नाही; आमच्या डॉक्टरबाईंना विचारून पुढच्या वेळी सांगू. पुढचे व्याख्यान चष्म्याच्या इतिहासावर आहे, वेळ हीच.